सीडी त्याच, स्पीकर तेच, मग घर बदलल्यावर गाणं पोकळ का झालं?

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडील 74 वर्षांचे. त्यांच्याकडे चारेकशे सीडी, बहुतेक शास्त्रीय आणि नाट्यसंगीत. दोन वर्षांपूर्वी भद्रकालीतला वाडा सोडून ही मंडळी फ्लॅटमध्ये राहायला आली. तेव्हापासून बाबांची एकच कुरकुर: आवाज पोकळ झालाय, तानेला कर्कशपणा आलाय आणि डग्गा गेला कुठे? त्यातच सीडी प्लेअर अडखळायला लागला, म्हणून धाकट्या भावाने शंभरेक सीडी लॅपटॉपवर उतरवल्या. त्या तर बाबांना मुळीच पटल्या नाहीत. हॉल 16 बाय 11 फुटांचा आहे, नव्वदच्या दशकातले स्पीकर शोकेसच्या कप्प्यांत आहेत, समोर भिंतीला टेकलेला सोफा. एका दुकानदाराने नवा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर), डॅक (आकड्यांतून आवाजाचा सिग्नल करणारी डबी) आणि जाड केबली मिळून सत्तर हजारांचा आकडा सांगितलाय. घ्यायचं का?

ताई, आत्ता घेऊ नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

तुमच्या लिहिण्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात: वाडा सोडला तेव्हापासून. सीडीवर गाणं आकड्यांत लिहिलेलं असतं, आणि ते आकडे घर बदललं म्हणून बदलत नाहीत. प्लेअर, अ‍ॅम्प, स्पीकर तेच आहेत. बदलली ती खोली, आणि सामान हलवताना सुटलेल्या तारा कुणीतरी पुन्हा जोडल्या. चोर शोधायचा तर आधी या दोघांची झडती घ्यायला हवी. मी तीस वर्षं रविवार कारंज्याजवळ अ‍ॅम्प, डेक आणि सीडी प्लेअर दुरुस्त करतोय, आणि ‘सीडीला पहिल्यासारखा आवाज नाही’ असं सांगत आलेल्या माणसाच्या घरी गेलो की दोष बहुतेक वेळा सीडीच्या पुढे कुठेतरी सापडतो. (माझं लहानपण तांबट आळीच्या तोंडाशी गेलं. हातोड्या थांबल्याशिवाय घरात रेडिओ लावून उपयोग नसायचा. आवाजाचं वेड तिथूनच लागलं असावं, किंवा कान तिथेच बिघडले असावेत.)

आधी डग्गा शोधू.

भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर बसणाऱ्याला खालचे सूर खरं तर जास्तच ऐकू यायला हवेत, कारण त्यांचा दाब भिंतीलगत सगळ्यात जास्त असतो. अशा जागी बसून डग्गा ‘गेलाय’, म्हणून माझा पहिला संशय तारांवर. एका स्पीकरची लाल-काळी तार उलट लागली की एका बाजूचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्या बाजूचा मागे जातो. वरच्या सुरांचं याने एवढं बिघडत नाही, नुसतं धूसर होतं. पण डग्ग्याच्या टापूतल्या 70 हर्ट्झच्या (सेकंदाला 70 कंपनं) सुराची लाट पाच मीटर लांब असते. तिच्या हिशेबात पाच-सहा फुटांवरचे दोन स्पीकर म्हणजे जवळपास एकाच जागी उभे असलेले दोघे जण. एक ढकलतो तेवढंच दुसरा ओढून घेतो आणि डग्गा हवेतच जिरतो. गाणाऱ्याचा आवाजही समोर मध्यावर उभा राहत नाही, डोक्याभोवती कुठेतरी तरंगतो. ‘पोकळ’ हा बाबांचा शब्द याला चपखल बसतो.

हे तपासायला महागडं यंत्र नको, आपल्या गावचा माणूस पुरतो. शास्त्रीय गायक दत्तात्रेय विष्णु ऊर्फ बापूराव पलुस्करांचा जन्म 1921 चा, इथलाच, नाशकातला. 1955 मध्ये ते गेले. स्टिरिओच्या तबकड्या बाजारात आल्या त्या 1958 च्या सुमारास, म्हणजे बापूरावांचं जे काही ध्वनिमुद्रण आपल्याकडे आहे ते मोनो. डाव्या-उजव्या दोन्हीकडे तंतोतंत तेच, मागाहून कुणी कृत्रिम स्टिरिओची कलाकुसर केली नसेल तर. बाबांच्या संग्रहात त्यांची एखादी सीडी असणारच. ती लावा आणि दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर बसा. आवाज बरोबर मधोमध, एखादं माणूस तिथे बसून गातंय असा यायला हवा. तसा येत नसेल तर अ‍ॅम्प बंद करा, एकाच स्पीकरच्या दोन तारांची अदलाबदल करा आणि पुन्हा ऐका. फरक कळायला कान तयार असावे लागत नाहीत, तुमच्या स्वयंपाकघरातूनही कळेल.

तरी शंका राहिलीच तर आणखी एक खूण सांगतो. स्पीकर अ‍ॅम्पपासून सोडवा, एक साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या आणि त्याची अधिक बाजू लाल टर्मिनलला, उणे काळ्याला क्षणभर टेकवा. वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा पडदा) ‘टक्’ करून पुढे यायला हवा. मागे गेला तर पेटीच्या आत कुणीतरी पूर्वी दुरुस्ती करताना तारा उलट्या डकवल्या आहेत. नाशिकरोडच्या एका निवृत्त गृहस्थांनी याच आजारावर एकापाठोपाठ दोन अ‍ॅम्प बदलले होते. मी गेलो, एक तार बदलली आणि चहा पिऊन परत आलो. पैसे काय घ्यायचे हाच प्रश्न पडला.

सेल लावायला स्पीकरची जाळी काढालच, तेव्हा वूफरच्या कडेची गोल पट्टी बघून घ्या. तुमचे स्पीकर नव्वदच्या दशकातले आहेत म्हणता. त्या काळच्या पुष्कळ स्पीकरना ही पट्टी फोमची असते आणि फोम पंधरा-वीस वर्षांत आपोआप झडतो. आपल्याकडच्या पावसाळ्यांत तर लवकरच. बोटाने हलकेच दाबा. खारीच्या तुकड्यासारखा भुगा पडला तर डग्ग्याचा पत्ता तिथेच लागला म्हणायचं. पट्टी नवी बसवता येते, खर्च नव्या स्पीकरच्या मानाने किरकोळ. रबराची किंवा कापडाची असेल तर ती बहुधा अजून ठणठणीत असेल.

आता कर्कशपणा.

वाड्यातली ती खोली आठवा. मला दिसतेय ती अशी: वर लाकडी तक्तपोशी, मातीच्या जाड भिंती आणि त्यांत कोनाडे, एका बाजूला गाद्यांची चळत, खुंट्यांवर कपडे, खाली सतरंजी. तिथे स्पीकरमधून निघालेला आवाज एकदा कानावर आला की उरलेला कुठेतरी मुरून जायचा. फ्लॅटमध्ये खाली व्हिट्रिफाइड टाइल, वर पीओपी, एका बाजूला सरकत्या काचा. मुरणार कुठे? हॉलच्या मध्यभागी उभ्या राहा आणि एक खणखणीत टाळी वाजवा. टाळीनंतर ‘टर्रर्र’ असं पत्र्यासारखं शेपूट ऐकू आलं तर तेच शेपूट प्रत्येक तानेला, तबल्याच्या प्रत्येक चाटीला (कडेवरच्या बोलाला) लागतंय. द्रुत लयीत एक स्वर विझायच्या आत दुसरा येतो, मग तिसरा, आणि सगळे एकमेकांवर चढतात. बाबा त्याला कर्कश म्हणतात.

यावर आवाज शोषणारे तक्ते विकत मिळतात, पण तुम्हाला त्याची गरज नाही. सोफा आणि स्पीकर यांच्या मधल्या फरशीवर जाड सतरंजी किंवा गालिचा घाला. काचांवर जाड कापडाचे पडदे लावा, आणि पडद्याला चुण्या भरपूर राहू द्या, ताणून लावलेला पडदा निम्मंच काम करतो. समोरासमोरच्या दोन मोकळ्या भिंतींपैकी एकीला पुस्तकांची मांडणी. चाचणी म्हणून घरातल्या दोन-तीन गोधड्या खुर्च्यांवर टाकून स्पीकरच्या बाजूच्या भिंतींशी एका संध्याकाळपुरत्या उभ्या करा आणि तीच टाळी पुन्हा वाजवा. मी लोकांकडे जाताना पूर्वी मीटर न्यायचो, आता गोधड्या मागतो. शेजारी विचारतात काय चाललंय म्हणून, तेवढं सहन करावं लागतं.

स्पीकर शोकेसमधून बाहेर काढायलाच हवेत. कप्प्यात कोंबलेल्या स्पीकरचा आवाज त्या कप्प्याच्या पेटीतून आल्यासारखाच येतो, आणि शोकेसच्या काचा डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्याला थरथरतात ते वेगळंच. दोन्ही स्पीकर स्टँडवर किंवा भक्कम स्टुलावर ठेवा. वरचा छोटा ट्वीटर (वरच्या सुरांचा पडदा) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आला पाहिजे. मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे, कोपऱ्यापासून लांब. दोघांमधलं अंतर आणि प्रत्येकापासून बाबांच्या खुर्चीचं अंतर साधारण सारखं. पसंत पडत नसेल तर एकेक वीत पुढे-मागे करत बघा.

तारा सरळ झाल्या, स्पीकर बाहेर आले की बहुधा उलटी तक्रार सुरू होईल: आता डग्गा फारच घुमतोय. याचं कारण तुमचा 16 फुटांचा हॉल. समोरासमोरच्या भिंतींत खालचे सूर अडकून झुलतात आणि कुठले सूर अडकायचे ते भिंतींमधलं अंतर ठरवतं. 16 फुटांना ते साधारण 35 आणि 70 हर्ट्झला अडकतात. आता योगायोग बघा. काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी) गाणाऱ्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार 69 हर्ट्झच्या आसपास बोलते, आणि डग्गाही याच खालच्या टापूत फिरतो. भिंतीला टेकून बसलात तर हा 70 चा सूर फुगून येतो. चार फूट पुढे, म्हणजे हॉलच्या लांबीच्या बरोबर पाव अंतरावर बसलात तर तोच सूर जवळपास नाहीसा होतो. मध्ये कुठेतरी, भिंतीपासून दीड-दोन फुटांवर, समतोल सापडतो. म्हणून सोफा थोडा पुढे ओढा.

किती, ते डग्ग्यालाच विचारा. विलंबित ठेक्यात तबलजी मनगटाने डग्ग्यावर घिस्सा काढतो तेव्हा आवाज खालून वर सलग सरकत जातो. ती जागा सापडलेली एखादी सीडी लावून पुन्हा पुन्हा ऐका. सरकताना मध्येच एक जागा अचानक फुगली की ती खोलीची करामत समजायची, तबलजीची नव्हे. कुठे भोक पडल्यासारखं वाटलं तर तेही खोलीचंच. सोफा वीतभर सरकवायचा, पुन्हा ऐकायचं. परदेशी ऐकणारे यासाठी मुद्दाम तयार केलेले आवाज लावतात. आपल्याला डग्गा आयताच मिळालाय.

नाजूक गोष्ट आहे, पण सांगतो: बाबांचे कान एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. मळ साठला असेल तर पाच मिनिटांचं काम. वयाने वरचे सूर आधी जातात, सत्तरी ओलांडल्यावर 10 किलोहर्ट्झच्या पलीकडचं फारसं हाती लागत नाही. त्यात गंमत अशी की कमी ऐकू येतं म्हणून आवाज वाढवला तर तोच टोचायला लागतो, मधली सुसह्य पट्टी अरुंद होत जाते. कर्कशपणाची तक्रार थोडी इकडूनही येत असू शकते. श्रवणयंत्र वापरत असतील तर ते बोलण्यासाठी जुळवलेलं असतं. त्यात संगीतासाठी वेगळी जुळणी करता येते का, ते विचारा.

एवढं झाल्यावर सीडीकडे वळू.

सीडीचा लेसर आतून बाहेर वाचत जातो. पाच किलोमीटरहून लांब एकच सर्पिल रेषा, दोन फेऱ्यांमधलं अंतर 1.6 मायक्रॉन. यावर ओरखडा म्हणजे सगळं संपलं असं वाटेल, पण सीडी बनवणारे दूरदर्शी होते. माहिती सलग न लिहिता पसरून, जास्तीच्या तपासणी-आकड्यांसकट लिहिलेली असते, त्यामुळे रेषेच्या दिशेने अडीच मिलिमीटरपर्यंतचा तुटवडा प्लेअर पूर्णपणे भरून काढतो, आकडा न आकडा. म्हणूनच सीडी पुसायची ती मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ. गोल गोल पुसताना चुकून ओरखडा उठला तर तो रेषेला समांतर जातो आणि लांबच लांब तुटवडा पडतो. आडव्या ओरखड्याने रेषा फक्त ओलांडली जाते. आणि लोक ज्या बाजूची काळजी घेत नाहीत ती छापील बाजू जास्त नाजूक आहे. खालून 1.2 मिलिमीटर प्लास्टिकचं संरक्षण असतं, वरून मात्र चमकणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमवर लाखेचा एक पातळ थर, बस. त्यावर बॉलपेनने नाव लिहिणारे भेटतात. अशी सीडी उजेडासमोर धरली की नाव आरपार वाचता येतं!

बोटांचे ठसे असतील तर कोमट पाणी, भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब, बोटाच्या टोकाने आतून बाहेर, नळाखाली धुवून सुती मऊ कापडाने टिपून घ्या. टूथपेस्टचा उपाय मला माहीत आहे, मी केलाही आहे. बारीक ओरखडे त्याने खरंच मुजतात, पण नवे शंभर उठतात. शेवटचा इलाज म्हणूनच, आणि तोही दुसरी प्रत मिळत नसेल तर.

प्लेअर नेमका कुठे अडखळतो ते बघा. सीडी टाकल्यावर ओळखतच नसेल तर भिंगावर धूळ बसली असेल किंवा लेसर थकला असेल. पहिली गाणी नीट आणि शेवटची अडखळत असतील, तेही प्रत्येक सीडीला, तर लेसर ज्या दांडीवरून सरकतो तिथलं ग्रीस वाळून चिकट झालंय. पुसून नवं लावलं की काम होतं. भिंगाला 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावलेला इअरबड, तोही फुलाच्या पाकळीला लावावा तसा. भिंग चार केसाएवढ्या तारांवर तरंगत असतं. प्लग काढल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, कारण तो लेसर 780 नॅनोमीटरचा, डोळ्याला जवळपास दिसतच नाही आणि इजा मात्र करू शकतो. आणि एक विनंती, पिकअपजवळचा (लेसर आणि भिंगाच्या भागाजवळचा) तो छोटा फिरवायचा स्क्रू कुणालाही फिरवू देऊ नका. लेसरचा जोर वाढतो, चार महिने प्लेअर तुफान चालतो आणि मग कायमचा बसतो. माझ्याकडे येणाऱ्या मेलेल्या प्लेअरांत असे बरेच असतात.

भावाने उतरवलेल्या फायलींबद्दल बाबा बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. एक फाइल घ्या, तिचा आकार बघा आणि मिनिटांनी भागा. मिनिटाला एक एमबीच्या आसपास येत असेल तर ती 128 केबीपीएसची एमपीथ्री आहे. मूळ सीडीवर मिनिटाला दहा एमबी असतात. म्हणजे दहातले नऊ भाग गेले. कशाला कात्री लागली? गाणाऱ्याचे शब्द तसेच राहतात, त्यामुळे पटकन लक्षात येत नाही. तानपुऱ्याची जवारी (तारेचा झणकार) मात्र लुकलुकती राहत नाही, पाण्याखालून आल्यासारखी होते, आणि तबल्याच्या चाटीचा टणका बोथट होतो. ज्याने चाळीस वर्षं तानपुरा ऐकलाय त्याला ते खटकणारच, कारण कळलं नाही तरी.

भावाला रागवू नका. 2004 मध्ये मी स्वतःच्या दोनशे सीडी अशाच उतरवल्या होत्या. हार्ड डिस्क 40 जीबीची, वाटलं पुरवून वापरावी. दहा वर्षांनी सगळं पुन्हा करायला बसलो तेव्हा मित्रांनी घरी बर्न करून दिलेल्या वीस-बावीस सीडी वाचताच येईनात. त्यांत एका घरगुती बैठकीची सीडी होती, ती आता माझ्याकडे फक्त त्या पाण्याखालच्या आवाजात आहे.

तेव्हा सुरुवात तिथून करा. सीडी उलटी करून बघा. चंदेरी असेल तर कारखान्यात ठसा मारलेली, ती थांबेल. हिरवट, निळसर किंवा सोनेरी झाक असेल तर बर्न केलेली. तिच्यातली माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि तो थर ऊन, उष्णता, दमट हवेने उतरतो. त्या सगळ्या आधी उतरवा. बसस्टँडवर मिळायच्या त्या ‘शंभर गाणी’ छाप एमपीथ्री सीडी असतील तर फायली नुसत्या कॉपी करा. त्यांचं फ्लॅक (आवाजातलं काहीही न गाळणारी फाइल) करणं म्हणजे झेरॉक्सला सोनेरी चौकट.

बाकीच्यांसाठी विंडोज लॅपटॉपवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा फुकट प्रोग्राम घाला. सिक्युअर मोड ठेवा, फाइलचा प्रकार फ्लॅक. फ्लॅक मूळ आकड्यांतला एकही गाळत नाही, फक्त घडी घालून जागा वाचवतो, साधारण निम्म्यावर आणतो. कॉम्प्रेशन पाचवर ठेवा की आठवर, आवाज तोच, फरक फक्त आकारात. हा प्रोग्राम शंका आली की तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचतो आणि न जमल्यास तसं स्पष्ट सांगतो. साधे प्रोग्राम एकदा वाचून पुढे जातात, आणि वाचताना चूक झाली तर ती ‘टिक्’ कायमची फाइलमध्ये बसते.

एक गोष्ट आपल्या सीडींबाबत वेगळी आहे. जगभरच्या लोकांनी उतरवलेल्या सीडींच्या नोंदींशी तुमची प्रत ताडून बघण्याची अ‍ॅक्युरेटरिप नावाची सोय या प्रोग्राममध्ये आहे. पण शास्त्रीय, नाट्यगीतं, अभंग अशा आपल्या पुष्कळ सीडी त्या नोंदवहीत सापडतच नाहीत. तेव्हा ‘टेस्ट अँड कॉपी’ वापरा. तो दोनदा वाचतो आणि दोन्ही वेळचे सीआरसी (तपासणीचे) आकडे जुळले तर प्रत बरोबर. वेळ दुप्पट लागतो. रोज दोन सीडी, संध्याकाळच्या चहाबरोबर, असं धरलं तर चारशे सीडींना सहा-सात महिने. घाई नाही.

नावं घालताना मात्र पहिल्याच दिवशी नियम ठरवा. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि ‘पंडित भीमसेन जोशी’ हे संगणकाच्या लेखी तीन वेगळे गायक आहेत आणि ते तीन कप्प्यांत जाऊन बसतात. देवनागरी फ्लॅकच्या टॅगमध्ये उत्तम चालते. इंटरनेटवरून आपोआप येणारी नावं तपासल्याशिवाय घेऊ नका; राग एका गाण्याचा आणि ताल दुसऱ्याचा असंही मी पाहिलंय. राग, ताल, साथीला कोण, साल दिलं असेल तर साल, हे पाठच्या कागदावरून बाबांनीच सांगावं आणि भावाने टाइप करावं. बड्या ख्यालानंतर द्रुत बंदिश वेगळा ट्रॅक असते पण गाणं थांबलेलं नसतं, तेव्हा वाजवणारा प्रोग्राम दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडणारा हवा. फूबार2000 ते नीट करतो.

चारशे सीडी दीडशे जीबीच्या आतबाहेर बसतील. दोन हार्ड डिस्क घ्या, दुसरी भावाच्या घरी.

लॅपटॉप अ‍ॅम्पला जोडायचा कसा? हेडफोनच्या भोकातून अ‍ॅम्पच्या ‘ऑक्स’ या भोकात तार टाकली तरी सुरुवात होते. विंडोजचा आवाज पूर्ण, कमी-जास्त अ‍ॅम्पच्या बटणाने. साउंडच्या सेटिंगमध्ये ‘एन्हान्समेंट्स’ नावाची जी काय सजावट असते ती सगळी बंद. चार्जर लावल्यावर स्पीकरमधून ‘हूंऽऽ’ अशी गुणगुण आली आणि चार्जर काढताच थांबली तर ती अर्थिंगच्या दोन वाटांनी तयार झालेल्या वेटोळ्याची आहे. लॅपटॉपचा आणि अ‍ॅम्पचा, दोन्ही प्लग एकाच बोर्डात लावून बघा. गेली नाही तर ऑप्टिकल तार जाणारं साधन घ्या, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या धाग्यातून वीजच जात नाही, तर गुणगुण कुठून जाणार? थ्री-पिनची जाड पिन मोडून गुणगुण थांबवणारे महाभाग आहेत. ती पिन जीव वाचवायला असते.

ब्लूटूथने पाठवलंत तर वाटेत आवाज पुन्हा आवळला जातो; स्वयंपाक करताना ऐकायला ठीक.

उरला डॅक. लॅपटॉपच्या भोकातून बारीक सळसळ, किरकिर येत असेल तर हजार-दोन हजारांचं यूएसबी डॅक लावा, तेवढ्याने काम होतं. सीडीचं ध्वनिमुद्रण 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झचं आहे. ते 192 किलोहर्ट्झला वाजवलं म्हणून नवीन काही उगवत नाही. 16 बिटांत 96 डेसिबलचा पल्ला मावतो आणि आपण ऐकतो पंखा चालू ठेवून, खालून गंगापूर रोड वाहत असताना. माझ्या घरी मी मन लावून ऐकतो ते डिसेंबर-जानेवारीत, थंडीने पंखा बंद आणि खिडक्या बंद असतात तेव्हा. तेवढ्या दोन महिन्यांत माझा अ‍ॅम्प दुप्पट किमतीचा होतो. केबलीचं म्हणाल तर दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर तुमच्या अंतराला भरपूर आहे. मीही एकेकाळी जाड, जाळीदार केबली विकायला ठेवल्या होत्या. गिऱ्हाइकाला डोळे मिटून दोन्ही ऐकवल्या, त्याला ओळखता आल्या नाहीत, मलाही नाही. उरलेला माल परत केला.

या रविवारी पलुस्करांची सीडी लावा, सेल टेकवून बघा आणि वूफर पुढे आला की मागे गेला ते कळवा. वूफरच्या कडेचा फोटोही पाठवा. सत्तर हजारांचं त्यानंतर बोलू.